डाव्या कोपऱ्यातला लाल ठिपका

१९९८च्या डिसेंबरमध्ये, एका रविवारी दुपारी, सर्जापूर रोडपलीकडच्या एका तळ्याजवळच्या पडक्या विहिरीत विलास गोखले यांचा मृतदेह असल्याचं लक्षात आलं. ते फेब्रुवारीपासून बेपत्ता होते. विहिरीचा पत्ता पोलिसांना आम्ही चौघांनी दिला. तो आम्हाला एका रंगवलेल्या फोटोवरून मिळाला होता.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. वर्तमानपत्रात उपसंपादक असताना भुताखेतांच्या बातम्या माझ्याच हातून कचऱ्यात जात. त्यामुळे जे मी स्वतः पाहिलं तेवढंच इथं लिहितो आहे.

बेंगळुरूत त्या काळी आमचा एक छोटा गट होता. निसर्गाचे फोटो स्कॅन करायचे, कॉम्प्युटरवर माऊसनं त्यांवर रंगकाम करायचं आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी प्रिंट घेऊन इंदिरानगरला नाईककाकांच्या घरी जमायचं. नाईककाका सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं तीन पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी सहज यायची. राजीव पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. चौथ्या सुलभाताई गोखले. त्या शाळेत चित्रकला शिकवत असत. नवरा बेपत्ता झाल्यावर पुण्यातल्या मुलानं त्यांना कॉम्प्युटर, स्कॅनर आणि प्रिंटर घेऊन दिला होता... मन रमावं म्हणून.

गटाचा एक नियम होता. प्रिंट टेबलावर ठेवली की बाकीच्यांनी आळीपाळीनं दोष सांगायचे. चित्र ज्याचं, त्यानं गप्प बसायचं. विचारल्याशिवाय खुलासा करायचा नाही. चित्रानं स्वतःच बोलावं, असं नाईककाका म्हणत.

विलासरावांची हकीकत आम्हाला माहीत होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते स्कूटरवरून फोटो काढायला गेले. संध्याकाळी तळ्याच्या बांधावर स्कूटर उभी सापडली. थोड्या अंतरावर ट्रायपॉड आणि त्यावर कॅमेरा तसाच. पोलिसांनी तळ्यात गळ टाकले, माणसं उतरवली. काही मिळालं नाही. मग एका बस कंडक्टरनं सांगितलं, की तशा वर्णनाचा माणूस होसूरच्या गाडीत चढला होता. विलासरावांनी नुकतीच नोकरी सोडली होती, आणि ती का सोडली याविषयी चर्चा होतीच. पोलिसांच्या कागदावर 'स्वेच्छेनं घर सोडून गेले' असा शेरा पडला.

त्या शेऱ्यानं सुलभाताईंचं काय केलं, तेही आम्ही पाहत होतो. इथल्या मराठी बायकांना त्यांना हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, ते कळेना. एकीनं तोंडावर विचारलं होतं, "भांडण वगैरे झालं होतं का हो?" नवरा मेला असता तर रडता आलं असतं, टाकून गेला असता तर रागावता आलं असतं, असं त्या एकदा नाईककाकूंना म्हणाल्या होत्या. दोन्हींपैकी एक तरी नक्की व्हावं, एवढीच त्यांची मागणी होती.

सप्टेंबरमध्ये त्यांनी जे चित्र आणलं, ते कॅमेऱ्यातल्या रोलवरच्या शेवटच्या फ्रेमचं होतं. तळं, बांध, बांधावरून डावीकडे जाणारी पायवाट. त्यावर त्यांनी सकाळचं ऊन रंगवलं होतं. काम चांगलं होतं. नाईककाका म्हणाले, "अक्का, वाट डावीकडून बाहेर पळते. डावीकडे स्वल्प जागा वाढवा. वाट कुठं जाते ते दाखवा."

ऑक्टोबरमध्ये चित्र रुंद होऊन आलं. फोटो जिथं संपत होता त्याच्या डावीकडे ताईंनी मनानं घाणेरीची दाट झुडपं रंगवली होती. झुडपांमागे दगडी कठडा, एका बाजूनं ढासळलेला. आणि कठड्याच्या अलीकडे एक लहान लाल ठिपका.

आम्ही तिघंही त्या ठिपक्यावर तुटून पडलो. एवढ्या हिरव्या-करड्यात भडक लाल नजर खेचतो, तळ्याकडे कुणी बघणारच नाही, तो काढा, असं माझं मत होतं. राजीवचंही तेच. ताईंनी मान हलवली.

नोव्हेंबरच्या प्रिंटमध्ये ठिपका तसाच होता. राजीव हसून म्हणाला, "ताई, सिग्नल लाल आहे, गाडी पुढं जाईना." नाईककाका थोडे वैतागले. सूचना ऐकायच्या नसतील तर यायचं कशाला, असं त्यांनी जवळजवळ बोलून दाखवलं. ताई नियमानुसार गप्प राहिल्या.

डिसेंबरमध्ये ते रुंद केलेलं चित्र तिसऱ्यांदा टेबलावर आलं. ठिपका होताच. नाईककाकांनी चष्मा काढून ठेवला. माझ्या तोंडून, बहुधा बातमीदारीच्या जुन्या सवयीनं, प्रश्न गेला. "ताई, ते लाल आहे तरी काय?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते मी रंगवलेलंच नाही. दोनदा त्यावर हिरवा फिरवला. स्क्रीनवर दिसत नाही. प्रिंटवर येतं."

"मग सांगितलं का नाहीत?" राजीवनं विचारलं.

"तुम्ही काढा म्हणालात. काय आहे ते कुणी विचारलं नाही."

राजीवला हा प्रिंटरचा दोष वाटला. ताईंच्या पिशवीत त्या फाइलची डिस्क होती. ती त्यानं नाईककाकांच्या कॉम्प्युटरवर उघडली. चित्र मोठं करून डावा भाग आम्ही चौघांनी पाहिला. झुडपं होती, कठडा होता, लाल काही नव्हतं. मग त्यानं नाईककाकांच्या प्रिंटरवर, नव्या कागदावर प्रिंट काढली. कागद हळूहळू बाहेर आला. ठिपका त्याच जागी होता.

राजीवनं लगेच स्वतःचं एक चित्र त्याच प्रिंटरवर छापलं. ते स्वच्छ आलं.

मग ताई, कागदावरची नजर न काढता, म्हणाल्या, "आमच्या घरातून एकच लाल वस्तू गेलीये. माझी छत्री. उन्हात लेन्सवर सावली धरायला हे न्यायचे. बायकी छत्री म्हणून मी चिडवायची त्यांना."

नाईककाका उठले आणि व्हॅनची किल्ली घेतली. ताईंनी घरीच थांबावं, असं मी सुचवलं. त्या आधीच चपला घालत होत्या.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कॅमेरा जिथं सापडला ती जागा ताईंनी दाखवली. तिथून डावीकडे फक्त घाणेरी दिसत होती, माणसाच्या उंचीच्या वर गेलेली. एक गुराखी म्हणाला की पलीकडे पूर्वी बाग होती, तिची विहीर कधीच बुजवली. राजीव आणि मी काठीनं फांद्या बाजूला करत आत शिरलो. फांद्यांत एक छत्री अडकली होती. तारा गंजल्या होत्या आणि कापड उन्हापावसानं जवळजवळ पांढरं पडलं होतं. घडीच्या आतला भाग लाल होता. दोन पावलांवर कठडा होता, एका बाजूनं ढासळलेला. विहीर बुजवलेली नव्हती. झुडपांनी झाकली होती.

मी खाली पाहिलं आणि राजीवला ताईंकडे पाठवलं. नाईककाका पोलिसांना आणायला गेले.

मृतदेह दुसऱ्या दिवशी वर काढला. घड्याळ आणि स्कूटरची किल्ली यांवरून ओळख पटली. कठड्याचे निखळलेले दगड विहिरीतच मिळाले. तोल जाऊन पडल्याचा निष्कर्ष पोलिसांनी काढला. संशयास्पद काही आढळलं नाही.

या घटनेचं सरळ कारण मी शोधून पाहिलं आहे. ताई पूर्वी एकदाच, पोलिसांबरोबर, त्या बांधावर गेल्या होत्या. तिथून कठडा दिसत नाही, हे मी नंतर पुन्हा जाऊन तपासलं. तरी एखाद्या क्षणी त्यांनी तो पाहिला असेल आणि हातानं तो आठवला असेल, असं धरून चालू. निगेटिव्हही मी पाहिली. फ्रेम पायवाटेपाशी संपते, त्यात झुडपांचं टोकसुद्धा नाही. दोन वेगळ्या प्रिंटरांवर आलेल्या ठिपक्याचं काय करायचं, ते मला कळलेलं नाही. राजीव आता परदेशात असतो. त्यालाही कळलेलं नाही. आणि ताईंनी रंगवलेल्या झुडपांत तो लाल ठिपका जिथं दिसत होता, प्रत्यक्षातही छत्री तिथंच होती... एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो.

मुलगा पुण्याहून आला. अंत्यसंस्कारांपूर्वी कागदांवर सह्या करायला सुलभाताई पोलीस ठाण्यात गेल्या, तेव्हा मी सोबत होतो. इन्स्पेक्टरनं विचारलं की आणखी काही हवं आहे का. त्यांनी जुन्या कागदावरच्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"'स्वेच्छेनं' हा शब्द तेवढा खोडा."

इन्स्पेक्टरनं तो खोडला आणि शेजारी सही केली.