बऱ्या पोरांचा रकाना

माझी सून आरोग्य केंद्रात कामाला आहे. काल ती लॅपटॉपवर रकाने पाडत होती. जुलाब झालेली पोरं खालच्या आळीत बारा, आमच्या आळीत आठ. मी म्हटलं, "त्यांचीच विहीर घाण. मी सांगतच होते."

"अहो आई, थांबा. बरी असलेली पोरंही मांडू द्या."

मांडल्यावर दिसलं, खाली साठ पोरांतली बारा, आमच्याकडे विसांतली आठ. म्हणजे घाण आमच्याच विहिरीत.

गुडघे दुखले ते दिवस मी मोजते, न दुखलेले कधी मोजले नाहीत. धडधाकट माणसांचाही रकाना लागतो, हे सुनेनं शिकवलं.

नात माठातलं पाणी पेल्यात घेत होती. मी पेला काढून घेतला, पाणी उकळायला ठेवलं आणि सुनेला म्हटलं, "बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस."