पिन तिरकी बसते

लग्नाआधी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, मी नावड्याजवळच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात कामाला होते. माझं काम तयार माल तपासायचं. सहा महिने टेम्पररी, मग साहेबांना वाटलं तर पर्मनंट.

त्या वर्षी रोबोटची मोटार होणारं खेळणं निघालं. लाल अंग, निळे हात. पाय मुडपून मागे सारायचे, डोकं छातीत दाबायचं, दोन्ही हात खांद्यातून फिरवून बाजूला बसवले की शर्यतीची गाडी तयार. पहिल्यांदा ती खट्‌कन जुळली तेव्हा कोणी बघत नाही ना असं पाहून मी ती टेबलावरून पळवली होती.

प्रत्येक खोक्यातले पाच नग मी काढायचे. एकेकाची पन्नास वेळा गाडी करायची, पन्नास वेळा रोबोट. मग तीनदा फरशीवर पाडायचा आणि हात धरून ओढायचा. "पोरं जशी खेळतील तसं खेळा," मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं.

खांद्यात पिन बसवायचं काम एकाच बाईकडे होतं. ती बेलापूरजवळच्या दिवाळे गावची, चाळिशीतली. सगळे तिला मावशी म्हणत. कंपनीची बस आधी नेरूळला यायची, म्हणून बेलापूरला ती चढेपर्यंत मी शेजारची जागा धरून ठेवायचे. दुपारी ती जवळ्याची चटणी माझ्या डब्यात वाढायची. "खा गो पोरी, नुसती भाजी काय खातेस?"

मग निळे हात निखळायला लागले. पस्तिसाव्या, चाळिसाव्या वेळेला खांदा तडकायचा. पंधरा-वीस तुटके खांदे उजेडात धरून पाहिले. पिन सरळ होती. तिच्याभोवतीचं प्लॅस्टिकच पांढरं पडून फुटत होतं. कारण मला माहीत होतं. रिजेक्ट माल दळून त्याचा भुगा नव्या प्लॅस्टिकमध्ये मिसळत, आणि त्या महिन्यात साहेबांनी तो बराच वाढवायला लावला होता.

मी रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा कारणाची जागा कोरी होती.

"भुगा लिहू नका," साहेब म्हणाले. "पिन तिरकी बसत असेल. बघा जरा." मग सहज म्हणाल्यासारखं, "तुमची पर्मनंटची ऑर्डर या आठवड्यात आहे ना?"

मी त्यांच्यासमोरच लिहिलं, 'पिन तिरकी बसते, त्यामुळे खांदा तडकतो.' कोणाचं नाव लिहिलं नाही. पिन बसवणारी दुसरी होतीच कोण?

सोमवारी बेलापूरला मावशी चढली नाही. तिच्या स्टुलावर नवीन मुलगी बसली होती. त्याच आठवड्यात साहेबांनी गुपचूप भुगा कमी केला आणि खांदे तुटायचे थांबले. माझा रिपोर्ट बरोबर होता, असंच सगळ्यांना दिसलं. मी पर्मनंट झाले. आईने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले.

राहिलेला हिशोब घ्यायला मावशी आली तेव्हा गेटवर गाठ पडली. तिने मला बाजूला घेतलं. "पोरी, तूच तपासतेस ना? खरं सांग, माजी पिन वाकडी बसायची का गो?"

रिपोर्ट साहेबांनी लिहायला लावला, एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मला काही कल्पना नाही मावशी. वरून झालंय सगळं." तिने मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सोसवेना. बस सुटेल म्हणून मी पळाले. बस सुटायला अजून दहा मिनिटं होती.

पुढे वर्षभर मी तिथे टिकले. नोकरी सोडली आणि लग्न ठरलं, तेव्हा एका सकाळी मी दिवाळ्याला गेले. विचारत विचारत गेल्यावर ती मासळी घेऊन बसलेली दिसली. डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा होता. मला ओळखून ती हसली. बसायला पाट सरकवला. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. भुगा, रिपोर्ट, गेटवरचं खोटं.

बोंबील साफ करणारे तिचे हात थांबले नाहीत. मी संपवल्यावर ती म्हणाली, "मना वाटला, माजेच डोले गेले. डाक्तरकडं गेले. यो चष्मा केला. घालून घालून आता याच्याशिवाय दिसत नाय."

"मावशी, चूक झाली माझी."

"तवाच सांगाचा व्हता ना, गेटवर. मी काय साहेबांना जाऊन सांगनार व्हते? मना कलला असता, बस."

मागून दोन बायका येऊन भाव विचारायला लागल्या. तिने त्यांना बोंबलांचा वाटा दाखवला आणि मग माझ्याकडे वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. "घेनार हायेस काय? नाय त जरा बाजूला हो, गिऱ्हाईक हाय."

मी बाजूला झाले. थोडा वेळ तिथे थांबले. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.