गोधडी पसरेल एवढं घर

आडी महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी आमचे घरमालक खाली आले आणि दारातच उभे राहिले. एरवी ते सरळ आत येऊन खुर्ची ओढून बसायचे. चेन्नईतल्या आदंबाक्कमच्या त्या घरात तळमजल्यावर आम्ही अकरा वर्षं राहत होतो आणि वरच्या मजल्यावर ते. त्यामुळे काहीतरी अवघड बोलायचं आहे, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच मला कळलं. परदेशातला त्यांचा मुलगा बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन कायमचा परत येत होता. त्याला खालचं घर हवं होतं.

"घाई नाही, अम्मा," ते म्हणाले. "आडीत कोण घर बदलतं? महिनाभर सावकाश बघा. आवणी लागली की जा."

इकडे आडीत, म्हणजे साधारण आपल्या आषाढ-श्रावणाच्या सांध्यावर, लग्नं होत नाहीत आणि कुणी नव्या घरात जात नाही. दलाल रिकामे बसलेले असतात. पुढचा आवणी महिना लागला की अर्धं चेन्नई एकदम सामान बांधायला घेतं. म्हणजे आमच्या हातात नुसता बघण्याचा एक महिना होता.

नवरा कामावरून आला तेव्हा त्याला मी हे सांगितलं. तो गिंडीच्या एका लहान कारखान्यात आहे, मोजमापाची हत्यारं बनवतात तिथे. त्याने चप्पल काढली, पाय धुतले आणि विचारलं, "मग माझ्या वांग्यांचं काय?"

गच्चीवर त्याच्या एकतीस बादल्या होत्या. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून त्यांत वांगी, मिरच्या, भेंडी, कढीपत्ता आणि मिरजेहून बी आणून लावलेली घेवड्याची वेल. त्याला त्याची गच्ची हवी होती, तशी मला जमीन हवी होती. मी गोधड्या शिवते. शिवणयंत्रावर नाही, हाताने, धावदोऱ्याने. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी जमिनीवर सपाट पसरायची, चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं आणि कडेने आत आत शिवत जायचं. पलंगावर ती होत नाही, टेबलावर तर नाहीच. मिरजेला असताना मला टाका घालायलाही येत नव्हता. चेन्नईत पहिली दोन वर्षं भाषा येत नसल्याने दुपार संपता संपत नसे, तेव्हा मी हे एकटीच चुकत चुकत शिकले.

दलाल पन्नाशीचा, कपाळावर विभूती लावलेला, फार सज्जन माणूस होता. त्याने वही उघडली. "गाडी ठेवायला जागा?"

"स्कूटर आहे फक्त."

"वास्तू? पूर्वेचं दार?"

"कुठलंही चालेल. एका खोलीत मोकळी जमीन पाहिजे. आणि गच्चीवर झाडं ठेवू द्यायला हवीत."

त्याने पेन थांबवून आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय, असं तो म्हणाला. तरी त्याने ते लिहून घेतलं.

पहिलं घर त्याने पेरुंगुडीला दाखवलं, नवव्या मजल्यावर. आमच्या मुलीला तिथेच नोकरी लागली होती. तिचं ऑफिस त्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर. ती तेवीस वर्षांची. ती आमच्याशी मराठी बोलते, पण तिला राग येतो तमिळमध्ये. तिने खालची व्यायामशाळा बघितली, पोहण्याचा तलाव बघितला, बाल्कनीत जाऊन वाऱ्यात केस उडवले. मी पावलांनी हॉल मोजला. तिथे गोधडी पसरली असती तर माणसांना भिंतीला चिकटून चालावं लागलं असतं. गच्चीला कुलूप होतं आणि बाल्कनीत काहीही वाळत घालायचं नाही, असा सोसायटीचा नियम होता.

"आई, तू फक्त जमीनच बघतेस," लिफ्टमध्ये मुलगी म्हणाली.

"मग दुसरं काय बघू?"

"खिडकीतून किती छान दिसत होतं!"

ते खरंच छान दिसत होतं. मी खिडकीपाशी गेलेच नव्हते.

त्या महिन्यात आमचे रविवार घरं बघण्यात गेले, पण बाकीचे दिवस नेहमीसारखेच होते, किंबहुना जरा अधिक चांगलेच. आडीत इथे वारा सुटतो. दुपारी दोनला समुद्राकडून तो आला की दारं आपटतात, आणि बायका म्हणतात, आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडेल. गल्लीतल्या अम्मनच्या देवळात शुक्रवारी नाचणीची आंबील वाटत. मी स्टीलचा डबा घेऊन रांगेत उभी राहायची. आता माझं तमिळ रांगेत भांडण्याइतकं झालं आहे. नवरा सकाळी सहाला गच्चीवर बादल्यांना पाणी घालून आला की हातात दोन-चार वांगी असायची. आणि मी एक लहानशी गोधडी शिवत होते, घरमालकांच्या नातीसाठी; ती मंडळी येऊन तूर्त वरच राहत होती.

शेजारीण मला हसली. "जी आली म्हणून तुम्हाला घर सोडावं लागतंय, तिच्यासाठीच?"

मी म्हटलं, तिने काय केलंय? ती आठ महिन्यांची आहे. माझ्याकडे घरमालकिणीच्या दोन जुन्या सुती साड्या होत्या, एक मोरपंखी आणि एक पिवळी, धुऊन धुऊन अगदी लोण्यासारख्या झालेल्या. आजीच्या साडीत नात झोपेल, एवढाच विचार होता. गोधडी दिली तेव्हा घरमालकिणीने ती उलगडून बघितली. तिने ती तोंडाशी धरली आणि वर निघून गेली. तासाभराने पायसमची वाटी खाली आली.

मधल्या दोन रविवारी आम्ही चार घरं बघितली. एका घराला गच्ची उत्तम होती, पण विहिरीचं पाणी इतकं खारट की नवऱ्याने ओंजळभर चाखून नुसती मान हलवली. दुसऱ्या घरात हॉल मोठा होता, मालकाने मात्र गच्चीवर नुकताच पांढरा रंग दिला होता आणि तिथे पाऊल ठेवायलाही त्याची परवानगी लागणार होती. बाकीची दोन मला आता आठवतही नाहीत.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली आणि न सांगता सुईत दोरा ओवून देऊ लागली. हे ती लहानपणी करायची.

"आई, रागावू नकोस. ते पेरुंगुडीचं घर मी घेतलं तर?"

"तू म्हणजे?"

"मी आणि ऑफिसातल्या दोघी. त्यांना खोली हवीच आहे. मला रोज येण्याजाण्यात दोन तास जातात गं."

मी टाका घालत राहिले. तीन-चार टाके वाकडे गेले, नंतर ते उसवावे लागले. तिच्या जन्मापासून आम्ही घर घेतलं ते आधी तिची बालवाडी बघून, मग तिची शाळा बघून. या वेळी मी जमीन आणि गच्ची मागितली आणि तिच्या ऑफिसबद्दल दलालाकडे चकार शब्द काढला नव्हता. हे मला तेव्हा, दोरा हातात असताना कळलं. तिने मात्र ते पहिल्याच दिवशी ओळखलं असणार.

"बाबांना विचारलंस?"

"बाबा म्हणाले, बाल्कनीत दोन बादल्या ठेवू देत असतील तर जा."

"ठेवू देतात?"

"कठड्याच्या आत ठेवल्या तर चालतं. मी विचारून आले."

मी हसले, आणि मग थोडी रडलेही. तिने मला रडू दिलं. त्या रात्री आम्ही तिघांनी वांग्याचं भरीत खाल्लं आणि तिने तीन भाकऱ्या संपवल्या.

आता दोघांसाठी घर शोधायचं होतं आणि आडी संपायला नऊ दिवस उरले होते. दलाल म्हणाला, "पश्चिम मांबलमला एक घर आहे. पण त्या मामी कुणालाच देत नाहीत. तीन वर्षं वरचा मजला रिकामा आहे. माणसं घेऊन गेलो की काहीतरी खोट काढतात. त्या तुमच्यासारखंच काहीतरी बोलतात, म्हणून म्हटलं."

दार उघडलं ते सत्तरीच्या, सडपातळ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाईंनी. मी नवऱ्याला मराठीत "चपला इथेच काढ" म्हणाले, आणि त्या एकदम म्हणाल्या, "या, आंत या. बैसा."

मी गोंधळून बघत राहिले. शब्द आपले होते, पण सूर सगळा तमिळ, आणि मराठी अशी की जुन्या कागदातून वाचून दाखवावी. त्यांचं घराणं तंजावूरचं. किती पिढ्यांपूर्वी तिथे गेलं हे त्यांना माहीत नव्हतं.

"तुम्ही कोठल्या गावच्या?"

"मिरजेच्या."

"ते मज ठाऊक नाही. आम्ही महाराष्ट्र कधी पाहिलाच नाही. घरांत मात्र हेच बोलत होतों, मी आणि माझी अक्का."

दोघी बहिणी शिक्षिका होत्या, दोघींनी लग्न केलं नव्हतं. मोठी बहीण वरती राहायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

वरचा मजला त्यांनी स्वतः किल्लीने उघडून दाखवला. समोर एक लांबरुंद खोली, लाल कोबा, इतका गुळगुळीत की खिडकीचा उजेड त्यात लांबवर पडला होता. मी वाकून जमिनीला हात लावला. नवरा कधीच गच्चीवर गेला होता, त्याची पावलं वर वाजत होती. खोलीत सामान नव्हतं, फक्त भिंतीला तीन मोठ्या पत्र्याच्या पेट्या होत्या.

"ह्यांत अक्काची लुगडीं आहेत," त्या म्हणाल्या. "बहुत लोक म्हणाले, देऊन टाका. कोणास देऊं? जुन्या वस्त्रांवर भांडीं देणारीस? मज होत नाही. आणि पेट्या हलल्याशिवाय घर कसें देणार?"

म्हणजे इतकी वर्षं त्या भाडेकरूंत खोट काढत होत्या ती या पेट्यांसाठी. मी सांगितलं की मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. आधी त्यांना गोधडी म्हणजे काय ते कळलंच नाही. मी फोनवर घरमालकांच्या नातीचा फोटो दाखवला, ती त्या मोरपंखी गोधडीवर पालथी पडली होती. त्यांनी तो फोटो लांब धरून, मग जवळ धरून बघितला.

"कापावें लागतें?"

"हो. थोडं कापावं लागतं."

त्यांनी जवळच्या पेटीवरची धूळ पदराने सावकाश पुसली. दलालाने घड्याळ बघितलं. मग त्यांनी पेटी उघडली, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला, आणि त्यांनी वरचंच एक तपकिरी सुती लुगडं काढलं. "हें ती शाळेंत नेसत होती," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आज नको मामी, राहायला आल्यावर बघू. पण त्या कात्री आणायला खाली गेल्या होत्या. परत आल्या, जमिनीवर बसल्या आणि मला लुगड्याचं दुसरं टोक धरायला लावलं. पहिला काप त्यांनीच घातला. रेघ सरळ गेली. मग त्या कात्री माझ्याकडे देत म्हणाल्या, "गच्चीवर तुझे यजमान काय करताहेत इतका वेळ?"

तो पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंतचं अंतर टेपने मोजत होता.

आवणी लागल्यावर पहिल्या शुभ दिवशी आम्ही तिथे, नव्या घरात जाताना करतात तसं, दूध उतू जाऊ दिलं. त्याच आठवड्यात मुलगीही पेरुंगुडीला गेली, त्यामुळे टेम्पोने दोन खेपा केल्या. तिच्यासोबत मिरचीच्या दोन बादल्या गेल्या. वाटेत घेवड्याची वेल मोडली. नवरा दोन दिवस त्याबद्दल कुणाशी बोलला नाही. पुढे खोडाला पुन्हा कोंब फुटला.

दुपारी कामं आटोपली की मामी वर येतात. त्यांना मी धावदोरा शिकवला आहे. त्यांचे टाके मोठे आणि वेडेवाकडे पडतात, आणि मी ते उसवायला लागले की त्या माझा हात धरतात. "असूं दे. अक्कालाही नीट शिवतां येत नव्हतें." शिवता शिवता त्या शाळेतल्या गोष्टी सांगतात, मध्येच तमिळमध्ये शिरतात आणि परत येतात. काल त्यांनी मला डांगर पच्चडी करायला शिकवली, उडदाचं पीठ भाजून दह्यात कालवलेली. आमच्याकडे डांगर ताकातही करतात, असं मी सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं नाही. रात्री मी ताकातलंही केलं. नवऱ्याने दोन्ही खाऊन बघितली, आणि कुणाची बाजू घ्यायची हे न ठरवता तो झाडांना पाणी घालायला वर गेला.