उंदराला आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीवर मातीचे बैल करत बसलो होतो. आमचं दोघांचं सोबतचं शेवटचं काम तेच. शेवटचं आहे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं नेहमीसारखंच केलं, भांडत. घरची जोडी विकल्यापासून दर पोळ्याला मातीचेच बैल. ती मातीत पिंजलेला कापूस घालून मळायची, म्हणजे वाळल्यावर तडा जात नाही. शिंगं आन् वशिंड माझ्याकडं. माझ्या बैलाचं एक शिंग वर जायचं, एक खाली यायचं. "तुमच्या बैलाला कुणीतरी कानफटात दिल्यावानी दिसायलंय," असं ती दरसाल म्हणायची. त्या दिवशी बी म्हणाली. फक्त मधी थांबून, दोन दमांत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हाला दोघांना एकदमच धरलं होतं. मी लवकर उठलो. ती दवाखान्यातून घरी आली ती अर्धीच. डॉक्टरानं छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. म्हणाला, आजार गेला, पण फुफ्फुसाला जाळी पडलीय. मी चौथी शिकलेला, मला माझ्या परीनं कळलं. पूर्वी विहिरीवर चामड्याची मोट असायची. ती वाळून कडक झाली की तिच्यात पाणी मावत नाही. हिच्या छातीत तसं वारं मावत नव्हतं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. नळीला ती वेसण म्हणायची. "जिंदगीभर बैलाला घातली तुमी, आता मला घातली," म्हणायची आन् स्वतःच हसायची. हसलं की दम लागायचा, मंग त्याच्या शिव्या मला.

आम्हाला एकच लेक. जनावराची डॉक्टरकी परभणीला शिकली. आईचं हे असं झाल्यावर तिला लांबच्या एका मोठ्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली. फोनवर म्हणाली, "अप्पा, कोरोनानं फुफ्फुस कसं खराब होतं ते आमी बघतो. प्राण्यांचं मॉडेल असतं, त्याच्यावर."

मॉडेल मला माहीत होतं. शाळेत असताना तिनं विज्ञान प्रदर्शनात मातीचा डोंगर केला होता, त्याच्या तोंडातून धूर निघायचा. गुरुजी त्याला मॉडेल म्हणायचे. म्हणजे लेक आता मातीचे प्राणी करते, त्यांच्यात फुफ्फुस रंगवून दाखवते, असं मी धरलं. देवगाव फाट्यावर चहा पिताना चार माणसांत सांगितलं बी, की माती मळायचं तिच्या आईकडून आलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना बी तेवढंच माहीत.

ती पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा मी ओढ्याची काळी चिकण माती आणून, वाळवून, चाळून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली होती. निघताना तिच्या हातात दिली. शहरात अशी माती कुठून मिळणार?

"हे काय, अप्पा?"

"मॉडेलसाठी. कापूस घालून मळ."

ती लय हसली. हसता हसता खाली बसली आन् तिच्या डोळ्याला पाणी आलं. गाठोडं बाजूला ठेवून मंग तिनं नीट सांगितलं. मॉडेल म्हणजे मातीचं नाही, जिता जीव. हॅमस्टर म्हणून एक उंदीर असतो, मुठीएवढा, शेपूट असून नसल्यासारखं, गालात दाणे भरून ठेवतो. त्याला कोरोना लागतो आन् त्याचं फुफ्फुस बरंचसं माणसासारखंच सुजतं. आपल्या घरात फिरतो त्या साध्या उंदराला सुरुवातीचा कोरोना लागतच नव्हता, कुलपात दुसऱ्याची किल्ली बसत नाही तसं. म्हणून हा निवडलेला. त्याच्या नाकात रोग सोडतात. रोज सकाळी वजन करतात. काहींना औषध देतात, काहींना देत नाहीत. मंग एक दिवस झोपेचं औषध देऊन कायमचं झोपवतात, आन् कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ अशा फुफ्फुसाच्या चकत्या काचेवर घेऊन बघतात, सूज कुठवर गेली, जाळी कुठं धरली. जित्या माणसाचं फुफ्फुस असं कापून बघता येत नाही, म्हणाली.

तिची आई बाजेवरून ऐकत होती. तिनं विचारलं, म्हाताऱ्या उंदराला बी जास्तच लागतंय का? लेक म्हणाली, हो, म्हाताऱ्याचं वजन जास्त उतरतं आन् भरून यायला वेळ लागतो.

"मंग बरोबर हाय तुमचं," बायको म्हणाली, परीक्षा घेतल्यावानी.

मला नाही पटलं. आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग. आमच्या चुलीवर कधी अंडं शिजलेलं नाही. धडधाकट जिवात रोग सोडायचा ही कसली डॉक्टरकी? मातीचं गाठोडं कोपऱ्यात पडून राहिलं. फोन आला की मी एकच विचारायचो, नोकरी सोडलीस का? आन् तिची आई माझ्या हातातून फोन ओढून घ्यायची आन् विचारायची, आज उंदरं जेवली का?

पोळा जवळ आला तसं लेकीनंच एक दिवस सांगितलं, "अप्पा, मी सोडते. झोपवायचा दिवस असला की माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. ज्याचं वजन मी रोज करते, त्यालाच झोपवायचं." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणालो, ये माय, घर तुझंच हाय. तिची आई त्या दिवशी काहीच बोलली नाही. दम कमी, म्हणून ती बोलणं साठवून ठेवायची. त्या उंदराच्या गालातल्या दाण्यासारखं.

ते साठवलेलं तिनं पोळ्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर बाहेर काढलं. मी दुसऱ्या बैलाचं शिंग नीट बसवत होतो. तिनं उरलेल्या मातीचा एक गोळा घेतला, त्याला चार बारके पाय काढले, दोन्ही गाल फुगवले आन् डोळ्याच्या जागी मोहरीचे दाणे रोवले. तेव्हा माझं ध्यान गेलं, की माती कोपऱ्यातल्या गाठोड्यातली आहे.

"आता हे काय? गणपतीला अजून अवकाश हाय."

"गणपतीचा न्हाई ह्यो. लेकीचा हाय."

मी म्हणालो, लेक तर सोडायलीय.

"तुमी सोडायला लावायलाव."

मी मुक्या जिवाचं बोलायला लागलो, तर तिनं मातीचा हात वर करून मला थांबवलं. "तुमी गोऱ्ह्याचं नाक टोचलं तव्हा त्याला इचारलं व्हतं का?"

मी म्हणालो, बैल आपल्यासाठी राबतो, म्हणूनच त्याला पोळा आहे.

"मंग ह्यो बी राबायलाय. माझ्यासारखीच्या छातीसाठी राबायलाय. ह्याचा पोळा कुठाय?"

मी बैलाचं शिंग पुन्हा दाबायला लागलो. तिनं नाकातली नळी सारखी केली, दम घेतला. मंग म्हणाली, "नाक टोचताना तुमी रडला न्हाईत. लेक रडायलीय. जिला रडू येतंय तिच्याच हातात ते जीव असू द्या. ती निघून आली तर तिच्या जागी कोन येईल, कसल्या हाताचं येईल, काय ठावं."

संध्याकाळी खांदेमळण. ज्या खांद्यावर वर्षभर जू बसतं तो हळद-लोण्यानं मळायचा आन् बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, अशी रीत आहे. मातीच्या बैलांचे खांदे मी बोटानं मळले. उंदीर तिनं हातात घेतला. तिनं हळद-लोणी त्याच्या खांद्याला लावलं नाही, छातीला लावलं. बैलाचं वझं खांद्यावर, ह्याचं वझं छातीत, म्हणाली. मंग तिघांपुढं हात जोडून एका दमात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मी मनात म्हणालो, आज दम बरा दिसतोय.

पहाटे मशीन चालू होतं. ती नव्हती.

लेक मिळेल त्या गाडीनं दुपारनंतर पोचली. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. जंगमानं विधी केला आन् दिवस मावळायच्या आत आम्ही तिला आमच्या शेतात बांधाजवळ बसवली. नाकातली नळी मी माझ्या हातानं काढली होती. त्या दिवशी गावचे बैल आमच्या गल्लीतून वाजंत्री बंद करून गेले. घुंगरं तेवढी वाजली, ती काय कुणाला थांबवता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती त्या आवतनाच्या आठवणीनं. बैल आन् उंदीर भिंतीतल्या देवळीत तसेच बसलेले, काल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी हरभऱ्याची डाळ शिजायला घातली. जन्मात कधी पुरण केलेलं नाही. डाळ खाली लागली, गूळ जास्त पडला. माझी थोरली वैनी पिठलं-भाकरी घेऊन आली ती दारातच थांबली.

"भावजी, काल मानूस गेलं आन् आज पुरन?"

मी म्हणालो, आपल्यात सुतक नाही.

"सुतक नसलं तरी लाज असती. लोक तोंडात शेन घालतील."

"घालू द्या. आवतन तिनं दिलंय, वैनी. जेवायला बोलावून पावन्याला उपाशी ठिवायचं व्हय? आधीच एक दिवस उशीर झालाय."

वैनी उभी राहून माझं लाटणं बघत राहिली. मंग पदर खोचला आन् मला ढकललं. "सरका तिकडं. पोळी हाय का फडकं?"

लेक रडून रडून पेंगलेली होती, ती वासानं उठून आली. देवळीपाशी गेली आन् तिथंच थबकली. उंदीर तिनं लगेच ओळखला, गालावरून. मंग विचारलं, हळद छातीला काहून लावली? मी तिच्या आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, बैलाच्या नाकापासून ते तिच्या रडण्यापर्यंत. मधी काही गाळलं नाही.

तिनं उंदराच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणाली, "अप्पा, मागच्या खेपेला औषध दिलेल्यांच्या चकत्यांत जाळी कमी दिसली. सगळ्यांच्या न्हाई. बऱ्याच जणांच्या. अजून काही खरं न्हाई, माणसापर्यंत यायला लय येळ हाय. कदाचित येणार बी न्हाई."

मी विचारलं, आईला सांगितलं होतंस का?

"सांगितलं. म्हणाली, माझ्यासाठी घाई करू नको. नीट बघ."

वैनीनं पहिली पोळी तव्यावरून उतरवली, तूप सोडलं. मी तीन घास मोडले. दोन्ही बैलांच्या तोंडाला लावले. एकाचं शिंग अजून बी खालीच. तिसरा घास बारीक करून उंदराच्या फुगलेल्या गालाला चिकटवला आन् हात जोडून म्हणालो, उशीर झाला, राग धरू नका.

लेक मागून म्हणाली, "मी काय करू आता, अप्पा?"

"हितल्या एकाला मी घास दिला. तिकडच्यांना कोन देईल?"

"तिकडं पुरनपोळी चालत न्हाई. त्यांचं खाणं ठरलेलं असतंय."

"मंग ठरलेलंच दे. पर तुझ्या हातानं दे."

ती हसली का रडली ते मी बघितलं नाही. वैनी म्हणाली, आता मानसं बी जेवा. आम्ही जेवलो. पुरण करपलेलं लागत होतं आन् वैनीनं ते दोनदा बोलून दाखवलं.

जेवण झाल्यावर मी कोपऱ्यातलं गाठोडं उचललं. बैल आन् उंदीर होऊन बी निम्म्याच्या वर माती शिल्लक होती. त्यात थोडा कापूस टाकला, फडक्याला नवी गाठ मारली आन् लेकीच्या पिशवीत कपड्याच्या खाली ठेवली. ती बघत होती. ह्या खेपेला तिनं 'हे काय' म्हणून विचारलं नाही, आन् माती बाहेरही काढली नाही.