हॉकीवाल्याची कवळी

नव्वदच्या दशकात, इकडे परदेशात केलीव्हिलला आमच्या शेजारी एक कॅनेडियन राहायचा. तरुणपणी तो पगारी आइस हॉकी खेळाडू होता. पुढचे दात त्या खेळात गेले, तिथे कवळी आली. खेळ सुटला, पण एक सवय राहिली. कुठलंही धोक्याचं काम असलं की तो आधी कवळी काढून खिशात ठेवायचा. शिडीवर चढताना, कुंपण ठोकताना, बायकोशी भांडतानासुद्धा.

एका रविवारी त्याला आमच्या क्रिकेटला बोलावलं. मी कॉलेजात फास्ट बोलर होतो, हे इथे सगळ्यांना सांगून झालं होतं. बॅट हातात घेण्याआधी त्याने कवळी काढली. मी सुखावलो. लांबून धावत आलो आणि जीव खाऊन बॉल टाकला.

त्याने तो अलगद अडवला. "नो वरीज, मेट," म्हणाला आणि खिशातून कवळी काढून परत तोंडात बसवली.