नाव न ठेवलेल्या बाळाची नोंद

शांताक्का बिराजदार कुणाला ‘कुटुंबात कोण कोण?’ असं विचारत नाहीत. ‘घरी ताटं किती मांडता?’ असं विचारतात. धाराशिवच्या एमआयडीसीतल्या दूध भुकटीच्या कारखान्यात त्या टाइम ऑफिसात आहेत. हजेरी आणि रजा त्यांच्याकडे, आणि सहा वर्षांपासून कामगारांचा आरोग्य विमाही. पहिल्या वर्षी छापील फॉर्म वाटले तेव्हा कुटुंबाच्या रकान्यात लोकांनी थोरला भाऊ, भावजय, पुतणे लिहून दिले. एकाने घरी राहणारी आत्या लिहिली. बायकोचं नाव मात्र निम्म्यांनी गाळलं होतं. ती घरात आहे हे वेगळं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. पॉलिसीला बायको, दोन मुलं आणि आईवडील एवढंच कुटुंब ठाऊक. म्हणून अक्का आधी ताटं मोजतात आणि मग त्यांतली कोणती पॉलिसीत बसतात, ते समोरच्याला पटवतात.

वय बावन्न. माहेर उमरग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरी कानडी. पंचवीस वर्षांपूर्वी त्या याच कारखान्यात भुकटीच्या पिशव्या शिवायला लागल्या. अक्षर चांगलं होतं, म्हणून मालकांनी टाइम ऑफिसात बसवलं. पिशव्या शिवणाऱ्या माणसाला फॉर्म बघून काय वाटतं, ते त्या विसरलेल्या नाहीत.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, पॅकिंग विभागातला अमरसिंह रजेचा अर्ज घेऊन आला. तेरचा पोरगा, वय सव्वीस, लग्नाला दोन वर्षं झालेली.

“शनिवारची रजा पाहिजे होती, अक्का. रविवारला जोडून.”

“कशाला?”

“बाळाला घरी आणायचंय.”

“कुणाच्या?”

अमरसिंहने खाली बघितलं. “माझ्याच.”

अक्कांनी पेन ठेवलं. “बाप झालास आणि ऑफिसला पत्ता न्हाय? पेढे राहू दे, अर्धा कप चहा तरी पाजायचास की!”

“सव्वा महिना झाल्यावर सांगणार होतो. आमच्यात तसंच हाय. आन् पोरगी सातव्या महिन्यातच झाली. पेटीत ठेवलीय, लातूरला.”

अक्कांचा आवाज उतरला. “बस.”

तो बसला. बायको निकिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, माकणीला गेली होती. तिथून तिला रातोरात लातूरच्या खासगी दवाखान्यात हलवलं. मुलगी चौदाशे ग्रॅमची. डॉक्टर म्हणत होते, अजून पंधरा दिवस तरी काचेच्या पेटीत हवी. पण दवाखान्याचा खर्च आता झेपत नव्हता, म्हणून घरच्यांनी रविवारी बाळ आणायचं ठरवलं होतं.

“डॉक्टर सोडायला तयार हायत?”

“सही करून न्या म्हणले. जबाबदारी तुमची.”

“आणि विमा?”

“निकिताचं बिल दवाखान्यानं परस्पर विम्यातनं घेतलं. बाळाचा बारशानंतर लावायचा ना? नावच न्हाय अजून. फॉर्मवर काय लिहू?”

अक्का उठल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजू लागल्या. एकोणतीस भरले. जन्मल्यापासून तीस दिवसांत बाळाचं नाव यादीत गेलं, तर पहिल्या दिवसापासूनचा खर्च विमा देतो. ते चुकलं, तर थेट एप्रिलमध्ये, नव्या पॉलिसीत. दवाखान्यातल्या बाईने ‘बाळाला यादीत घ्या’ असं त्याला सांगितलंही होतं. पण त्याने मान डोलावली होती आणि तो बारशाची वाट बघत बसला होता.

“उद्याचा एक दिवस हाय,” अक्का म्हणाल्या. “आणि आपला कागद एकदा तरी परत आल्याशिवाय राहत न्हाय. म्हणजे आजच. एखादं नाव सांग, टाकते. मागनं बदलू.”

“आई ऐकायची न्हाय.”

“लाव फोन.”

तेरहून तुळजाबाईंचा आवाज आला तो चढाच. अक्कांनी आपण कोण ते सांगितलं आणि काम सांगितलं.

“नाव न्हाय ठेवायचं, बाई. लेकरू उंबऱ्याच्या आत आल्याबिगर न्हाय. माझ्या सासूची दोन लेकरं नाव ठेवल्यावर गेली. तिसऱ्याला दगडोबा म्हणली तवा ते जगलं. तेच माझं मालक.”

“कागदावर लिहिलं म्हणजे बारसं होत न्हाय, तुळजाबाई.”

“लिवलं म्हंजी झालंच की! तुमी हापिसातली माणसं. तुमचं लिवलेलं पुसतंय का कधी?”

सहा वर्षांत अक्कांनी स्वतःच लोकांना किती वेळा सांगितलं होतं की एकदा यादीत गेलेलं सहज बदलत नाही. त्यांनी विचारलं, “बाळाच्या हाताला दवाखान्यानं काही बांधलंय का?”

“चिठ्ठी बांधलीया. पायाला.”

“काय लिहिलंय तिच्यावर?”

“मला काय वाचता येतंय!”

अमरसिंहला येत होतं. त्याने ती पट्टी दर खेपेला काचेतून बघितली होती. “बेबी ऑफ निकिता,” तो म्हणाला.

“तेवढंच लिहिते,” अक्का फोनमध्ये म्हणाल्या. “निकिताचं बाळ. नाव तुमचं तुम्ही ठेवा, घरी आल्यावर.”

“माझ्या अमरचं न्हाय? सुनंचंच?”

“नऊ महिने कुणी वागवलं?”

“सातच!” तुळजाबाई म्हणाल्या. आणि जरा थांबून, “लिवा मग. निकिताचं बाळ हायच की ते.”

विमा कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात हर्षाली नावाची मुलगी या कारखान्याचं काम बघत असे. तिने आधी नकार दिला. नावाच्या रकान्यात नाव लागतं, संगणक पुढे जात नाही, असं म्हणाली.

“हर्षाली, तुमच्याकडं बाळं नावासकट जन्मतात का?”

पलीकडे ती हसली. मग तिने साहेबांना विचारलं. चालेल, पण दवाखान्याच्या जन्मदाखल्यावरही तसंच हवं, आणि त्यावर शिक्का हवा. निकिताचा भाऊ उत्कर्ष लातूरला दवाखान्यातच होता. त्याने मोबाइलवर दाखल्याचा फोटो पाठवला. निकिताचं बाळ, मुलगी, तारीख, वेळ, वजन, सगळं होतं. शिक्का नव्हता.

चार वाजून गेले होते. शिक्का खालच्या मजल्यावरच्या खिडकीत मिळायचा, ती खिडकी पाचला बंद व्हायची. उत्कर्ष रांगेत उभा राहिला. खिडकीतला माणूस म्हणाला, सहीवाले डॉक्टर राउंडला गेलेत. उत्कर्षने ते फोनवर सांगितलं तेव्हा अमरसिंहने तोंडावर हात फिरवला.

“जाऊ द्या, अक्का. नशिबात न्हाय म्हणायचं.”

“नशिबाला आपल्या यादीत रकाना न्हाय,” अक्का म्हणाल्या. त्यांनी फोन आपल्या हातात घेतला. “उत्कर्ष, खिडकी सोडून वर जा. डॉक्टर राउंडला म्हणजे बाळांच्याच खोलीत असणार. तिथंच सही घे, मग खाली ये. तोवर खिडकीतल्या माणसाकडं फोन दे.”

त्या माणसाशी त्या दहा मिनिटं बोलत राहिल्या. तो उदगीरचा निघाला. अक्का कानडीत शिरल्या, तोही शिरला. पुढचं अमरसिंहला काही कळलं नाही. पाच वाजून बारा मिनिटांनी शिक्का मारलेल्या दाखल्याचा फोटो आला. अक्कांनी तो पाठवला, पोच आली का ते हर्षालीला विचारलं, आणि मगच साडेपाचची बस गेली हे त्यांच्या लक्षात आलं.

शुक्रवारी अकराच्या पुढे मेल आला. निकिताच्या नावाखाली एक ओळ वाढली होती, जन्माच्या तारखेपासून लागू. अक्कांनी कागद छापला आणि स्वतः पॅकिंग विभागात गेल्या. मशीनच्या आवाजात बोलता येईना, म्हणून अमरसिंहला बाहेर काढलं.

“आता पेटीत ठेवता येईल?” त्याने विचारलं.

“डॉक्टर म्हणतील तेवढे दिवस.”

तो भिंतीला टेकून उभा राहिला. हातमोजे काढायचंही त्याला सुचलं नाही. अक्कांनीच त्याच्या खिशातून मोबाइल काढून त्याच्या आईला लावला आणि त्याच्या कानाला धरला.

“आई, रविवारी आणायचं न्हाय. पेटीतच ऱ्हाईल, पंधरा दिवस.”

तुळजाबाई म्हणाल्या, “बरं. मग निकिताला डबा कोण करणार तितकं दिवस? माझी दोन लुगडी पिशवीत घालाय सांग तुझ्या बापाला. म्या जाते लातूरला.”