घाटातली बदली

सुरतहून सप्तशृंगीच्या गडापर्यंत पायी जायचा नवस माझा नव्हता, हे आधीच सांगते. तो सासूबाईंचा. माझ्या नवऱ्याची कावीळ हाताबाहेर गेली तेव्हा त्या बोलल्या होत्या: अनवाणी येईन, गाडीत बसणार नाही. मग दर चैत्रात काही ना काही आडवं येत गेलं. या वर्षी त्या म्हणाल्या, गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ.

सुरतेतच भेस्तानला माझी खानावळ आहे, खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या पोरांची. त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आला. सिलिंडर, पीठ, अंथरुणं घेऊन मी भाड्याच्या टेम्पोत पुढे जायचं आणि सावली बघून शेगडी पेटवायची. नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी मागून चालत येणार.

नवरा लूमवर मास्तर. त्याचा हिशेब सरळ होता. "पाळीभर उभं राहतो आपण. चालायचं काय?"

पण लूमच्या दोन रांगांमधली फरशी सपाट असते आणि तिथे चार पावलांवर वळायचं असतं. बारडोली यायच्या आतच त्याच्या पोटऱ्या दगड झाल्या. मुलगी पायाचे फोड सुईदोऱ्याने टोचून पाणी काढत बसायची. आजीचे, बापाचे, मग स्वतःचे. सगळे पहाटे निघायचे, डांबर तापलं की थांबायचे, ऊन उतरलं की पुन्हा उठायचे. मी भाकरी थापायची, भांडी घासायची, टेम्पो भरायचा. बसून बसून माझीही कंबर गेली होती, पण चालणाऱ्यांसमोर ते सांगायची सोय नव्हती.

वघईच्या पुढे सापुताऱ्याचा घाट लागतो. मी टेम्पो थांबवला होता त्या पहिल्याच वळणावर सासूबाई खाली बसल्या. गुडघा भोपळ्यासारखा फुगला होता. मागून लाकडाचे ट्रक येत होते.

"आजी, बेसी जा ने टेम्पोत," मुलगी तिच्या अर्ध्या गुजरातीत म्हणाली.

"माले गाडीमा बसनं नही."

"आई, देवी काय बघायला बसलीय का?" नवरा म्हणाला.

"तुन्हासाठी बोलनू व्हतू. तू गप ऱ्हाय."

सासूबाई रडत नव्हत्या. नुसत्या घाटाकडे बघत होत्या. या घाटात नवस मोडला तर पुन्हा निघायची ताकद त्यांच्यात उरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मला चहा टाकायचा होता आणि ऊन चढत होतं. मी म्हटलं, "लूमवर माणूस आजारी पडला की काय करतात? बदली देतात. मशीन बंद ठेवत नाहीत."

सासूबाईंनी मान वर केली. "देवीले बदली चालस का?"

"ज्याची पाळी, हजेरी त्याच्याच नावावर लागते ना?"

त्यांनी बोटांवर माणसं मोजली. मग म्हणाल्या, मुलगा आणि नात आधीच आपापल्या पाळीवर आहेत. एक माणूस एका वेळी दोन पाळ्या करत नाही. मोकळी कोण आहे?

मोकळी मीच होते. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या टेम्पोत माझ्या जागेवर बसल्या, पिठाच्या डब्याला टेकून. मी चालायला लागले. दहा पावलं झाली नसतील, मागून हाक आली.

"चप्पल काढ."

घाटभर टेम्पो माझ्या मागे रांगत होता. मी झाडाला टेकले की खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर यायचं. नवरा म्हणाला, "सेठसुद्धा इतकं लक्ष ठेवत नाही." मला हसायलाही दम नव्हता. वर पोचले तेव्हा तळवे आहेत की नाहीत, तेच कळत नव्हतं.

घाट संपल्यावर गुडघा बांधून त्या पुन्हा चालू लागल्या. गडाच्या पायऱ्याही बसत, सरकत, स्वतःच चढल्या. दर्शन झाल्यावर आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून बसलो.

"फिटला का नवस?" मी विचारलं.

"देवी काही बोलनी नही." त्यांनी पाय लांब केले. "मी तुन्हं नाव सांगी दिधं. घाट हिनी चढी, म्हनलं."

म्हणजे हजेरी कोणाची लागली, हे विचारायचं होतं. पण तेवढ्यात नवरा म्हणाला, खाली टेम्पोवाला जेवायचा थांबलाय. मी भिंतीला धरून उठले.